अर्ध्या बोटाचा फरक

नालासोपारा पश्चिमेहून गासला जाणाऱ्या रस्त्यावर, केळीच्या वखारीला लागून फ्रेडरिकचं चाकांचं दुकान आहे. बोर्डावर टायर, अलॉय, अलाइनमेंट असं बरंच काही लिहिलंय, पण लोक दुकान ओळखतात ते बाहेरच्या बाकावरून. कुठल्याही शनिवारी त्या बाकावर एखादं अख्खं कुटुंब नटूनथटून बसलेलं दिसतं. गाडी एकट्या पोराची, चाकं बदलायची हौसही त्याचीच, पण खोळंबलेत मात्र आई, बायको, सासरा आणि एखादी आत्या. दवाखान्यात नंबर लावल्यासारखे सगळे गप्प बसलेले असतात.

ही फ्रेडरिकची पद्धत. गाडी खाली बसवायचं वेड लागलेली पोरं वसईपासून विरारपर्यंत काही कमी नाहीत. आधी स्प्रिंगा बदलून गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली घ्यायची, मग तिला मोठी चाकं लावायची, आणि वर ती चाकं अशी बाहेर यायला हवीत की फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, कडेला अगदी चिकटल्यासारखी दिसतील. चाक किती आत बसेल आणि किती बाहेर येईल हे ज्या आकड्यावर ठरतं त्याला म्हणतात ऑफसेट. आकडा मोठा असला की चाक आत जातं, लहान असला की बाहेर येतं. पाच-सात मिलिमीटर इकडचे तिकडे झाले तरी गाडी खड्ड्यात दबली की फेंडरची कड टायरला सुरीसारखी लागते. हे सगळं पोरं मोबाइलवर वाचून आलेली असतात आणि फ्रेडरिकला शिकवायला जातात. तो ऐकून घेतो आणि शेवटी एकच विचारतो, घरात माणसं किती?

कारण त्याच्या मते रिकाम्या गाडीवरून चाक निवडणारा माणूस गाढव. गाडी काय एकट्याने मिरवायला घेतलेली असते का? लग्न असतं, सण असतो, घरातलं कोणी आजारी पडतं, तेव्हा सगळं घर आत कोंबलं जातं आणि नेमका तेव्हाच टायर घासतो. म्हणून घरातल्या सगळ्यांना घेऊन यायचं, रोज ज्या जागी बसतात त्याच जागी बसवायचं, मग फ्रेडरिक खाली उकिडवा बसून टायर आणि फेंडरच्या मधे बोटं घालणार. भरलेल्या गाडीत दोन बोटं जागा राहिलीच पाहिजे. मापपट्टी त्याच्याकडे होती, पण शेवटचा निकाल बोटांचा. नुसतं वजन विचारून का भागत नाही, यावर तो म्हणायचा की वजन कोणी खरं सांगत नाही. एकदा वसईच्या एका घरातली म्हातारी मापाला बसली ती उतरेचना. एवढं बसवलंच आहे तर किल्ल्याकडे एक चक्कर मारून आणा, म्हणाली. तिला फिरवून आणेपर्यंत दुकान बंद ठेवावं लागलं होतं.

ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल त्यांच्यासाठी त्याने वाळूच्या गोण्या करून ठेवल्या होत्या. शेजारच्या वखारीच्या काट्यावर तोलायच्या, वर रंगाने आकडा टाकायचा. पण गोणीवर त्याचा जीव रमायचा नाही. गोणी श्वास घेत नाही, हलत नाही, असं तो म्हणायचा. तीस वर्षांत त्याने हिंडत्याफिरत्या माणसाच्या जागी गोणी एकदाच ठेवली, आणि ते माणूस त्याची सख्खी मोठी बहीण होती.

लुसी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. त्याला कडेवर घेऊन वाडीभर फिरलेली. लग्न होऊन गासमध्येच दिलेली, पण नवरा लवकर गेला आणि मुलगा एल्रॉय लहान होता, म्हणून ती आईकडे परत आली ती तिथलीच झाली. फ्रेडरिक आणि त्याची बायको कॅथरिन बोळिंजला फ्लॅट घेऊन राहायला गेले, आणि अंथरुणावरच्या आईचं तीन वर्षं सगळं केलं ते लुसीने. हे फ्रेडरिकला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि तोंडाला आवर असणं वेगळं.

भांडण झालं तेही चाकांवरूनच. त्यांच्या बाबांची बैलगाडी होती, केळीचे घड स्टेशनला पोचवणारी. बाबा स्वतः लाकडी चाकावर लोखंडाची तापलेली धाव चढवायचे आणि पोरगा फ्रेडी पाण्याची बादली घेऊन उभा असायचा. चाकाचं वेड त्याला तिथून लागलं. बाबा गेले, गाडी कुजली, दोन चाकं तेवढी विहिरीजवळच्या भिंतीला टेकून राहिली. ती दुकानात आणून दर्शनी लावायची असं फ्रेडरिक दर सणाला म्हणायचा आणि दर सणाला हात हलवत परत जायचा. आई गेल्यावर समुद्राकडच्या एका रिसॉर्टची माणसं शोभेसाठी जुनी चाकं मागत आली. वाळवी लागलीच होती. लुसीने देऊन टाकली, एक रुपयासुद्धा घेतला नाही.

आईच्या वर्षाच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, सगळे अंगणात जेवायला बसले आणि फ्रेडरिकला भिंत रिकामी दिसली. पाच-पन्नास माणसांसमोर, हातात ताट असताना, तो बहिणीला म्हणाला, "आज बाबांची चाकं दिलीस. उद्या आईच्या थडग्यावरचा क्रूस पण देऊन टाकशील."

लुसीने वाढायचा डाव पातेल्यात ठेवला.

"नऊ वर्षं भिंतीला होती, फ्रेडी," ती म्हणाली. "तू येशील म्हणून दर पावसात मीच झाकली ती."

एवढंच बोलून ती आत गेली. फ्रेडरिक तसाच उठून आला. त्यानंतर अकरा वर्षं दोघांनी अबोला धरला. बोळिंज ते गास म्हणजे पंधरा मिनिटांचा रस्ता, आणि दुकान तर तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. लग्नाकार्यात ती मांडवाच्या उजव्या हाताला दिसली की हा डाव्या हाताला बसायचा. कॅथरिनने लुसीचं नाव काढलं की तो पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचा. इतकं पाणी कोणी पीत नाही, असं कॅथरिन एकदा म्हणालीसुद्धा.

मामा-भाच्यांचं मात्र तुटलं नव्हतं. लुसीनेच तुटू दिलं नाही. एल्रॉयला तिने कधी दुकानात जाऊ नको म्हटलं नाही. गेल्या वर्षी त्याने जुनी हॅचबॅक घेतली, तिला खाली बसवली आणि सरळ मामाकडे आणली. त्याला सोळा इंची चाकं हवी होती, ऑफसेट पंचवीसचा, म्हणजे चाक पार फेंडरच्या ओठावर. फ्रेडरिकने त्याला वेड्यात काढलं. मूळ चाक चौदा इंची, ऑफसेट पंचेचाळीस. तिथून एकदम वीस मिलिमीटर बाहेर उडी मारणार आणि गासच्या रस्त्यावर चालवणार? फ्रेडरिक म्हणाला, पंधरा इंची घे, ऑफसेट अडतीस, टायर जरा बारीक. दिसेलही बरं आणि टिकेलही. एल्रॉयचं तोंड पडलं. मग नेहमीसारखा मामाचा हुकूम आला, घरातल्या सगळ्यांना घेऊन ये.

"सगळ्यांना म्हणजे मम्मीला पण ना?" एल्रॉयने विचारलं.

फ्रेडरिक हातातला पाना पुसत राहिला. पोरगं आशेने बघतंय हे त्याला कळत होतं. एक हो म्हणायचं होतं, बस. मागच्या शनिवारी त्याने एका परक्या माणसाच्या लकवा झालेल्या सासऱ्याला चौघांकडून उचलून गाडीत बसवलं होतं. पण इथे त्याचं नाक आडवं आलं. त्यांना कशाला त्रास, असं काहीतरी तो पुटपुटला. बायकोला, ब्रेंडाला आण, आईच्या जागी गोणी ठेवू.

लुसी मागे डाव्या खिडकीशी बसते हे त्याला विचारावं लागलं नाही. तिला गाडी लागते, लहानपणी बसमध्येही ती डावी खिडकी सोडत नसे. वजनही त्याने विचारलं नाही. पूर्वी कधीतरी सणाच्या दिवशी दोघा भावंडांनी हसत हसत याच वखारीच्या काट्यावर वजन केलं होतं, तेव्हा ती बहात्तर भरली होती. मग चाळीस आणि बत्तीसच्या दोन गोण्या मागच्या डाव्या सीटवर गेल्या. एल्रॉय स्टिअरिंगवर, ब्रेंडा शेजारी. फ्रेडरिकने डाव्या मागच्या चाकाशी बोटं घातली. बरोबर दोन. पंचवीसचा ऑफसेट घेतला असतास तर आईला घेऊन पहिल्या खड्ड्यातच टायर फाटला असता, असं त्याने भाच्याला ऐकवलं, आणि पोरगं अडतीसची चाकं लावून घेऊन गेलं. त्या दिवशी फ्रेडरिकला स्वतःचंच बरं वाटलं होतं. बोलत नसलो तरी तिच्या जिवाची काळजी घेतली, अशी त्याने मनाची समजूत घालून घेतली.

यंदा लेंटचा उपासकाळ चालू होता, तेव्हाची गोष्ट. शनिवार, दुपारचे बारा. एल्रॉयची गाडी दुकानासमोर झाडाखाली थांबली. शेजारी ब्रेंडा होती. एल्रॉय एकटाच उतरला आणि म्हणाला की मागे डावीकडे गॅप जास्त दिसतोय, गाडी उचलल्यासारखी वाटते. फ्रेडरिकला राग आला. आपलं माप चुकलं असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. गाडी रिकामी बघितली असशील, तो म्हणाला.

"रिकामी नाय, मामा. मम्मी बसलीय मागे," एल्रॉय हळूच म्हणाला. "ती म्हणाली, मला बसवून बघायला सांग."

काचांना काळी फिल्म होती. आत कोणीतरी आहे एवढंच कळत होतं. मागचं दार फ्रेडरिकपासून हातभर लांब होतं. तो पुढे गेला, बाकावरचे सगळे बघत असताना त्या दाराजवळ पोचला, आणि दाराकडे न बघता खाली उकिडवा बसला. चाक हे त्याचं राज्य होतं, तिथे त्याला कोणाला तोंड दाखवावं लागत नव्हतं.

एल्रॉयला परत स्टिअरिंगवर बसायला सांगून त्याने दोन बोटं घातली. सैल गेली. तिसरं घालून पाहिलं, ते अर्ध्यावर अडकलं. अडीच. त्याने परत घातली, परत अडीच. बहात्तर किलोला दोन बोटं होती, आणि आता बहीण स्वतः आत बसलेली असताना अडीच.

स्प्रिंग वर्षभराच्या वापराने थोडी दबते. ती फुगून वर येत नाही. हे फ्रेडरिकपेक्षा चांगलं कोणाला ठाऊक असणार? चाक तेच, टायर तोच, हवा त्याने तपासली तीही तेवढीच. मग गाडी वर आली याचा अर्थ एकच होता, आणि तो त्याच्या बोटांना कळला होता. त्याने तो डोक्यापर्यंत जाऊ दिला नाही.

"स्प्रिंगमध्ये गडबड हाय," तो चाकाकडे बघत म्हणाला. "पुढल्या शनिवारी रिकामी आण, बघू."

तेवढ्यात वरची काच खाली आली. चांगली चार बोटं. काचेच्या कडेवर एक हात आला आणि तिथेच थांबला. फ्रेडरिकने मान वर केली ती तेवढ्या हातापुरतीच. बोटात लुसीची लग्नाची अंगठी होती आणि ती गळून पडू नये म्हणून मागे पांढरा दोरा गुंडाळला होता. त्याने तो दोरा नीट बघितला. कितीतरी वेळा गुंडाळलेला होता.

तो उठला, टॉर्च आणतो म्हणाला आणि आत गेला. भर दुपारी बारा वाजता टॉर्च. आत जाऊन त्याने कॉम्प्रेसर चालू केला, म्हणजे बाहेरचं काही ऐकू येऊ नये. एका रिमवरचे नट त्याने काढले, परत लावले, परत काढले. त्याला वाटत होतं की आता हाक येईल. फ्रेडी म्हणून हाक आली असती तर तो गेला असता, असं तो पुढे स्वतःला बऱ्याचदा सांगत राहिला. हाक मारणाऱ्याला आवाज काढायचीही ताकद हवी, हे त्याच्या लक्षात आलं नाही. बऱ्याच वेळाने त्याने कॉम्प्रेसर बंद केला तेव्हा झाडाखाली गाडी नव्हती.

पुढल्या शनिवारी गाडी आली नाही, त्याच्या पुढल्याही नाही. तिसऱ्या आठवड्यात, सकाळी चहा घेताना कॅथरिनचा फोन वाजला. ती ऐकत राहिली, मग फोन ठेवून त्याच्यासमोर येऊन बसली. या खेपेला तो पाणी प्यायला उठला नाही. लुसी पहाटे गेली होती. पोटाचा आजार, दीड वर्षापासून. कॅथरिनला माहीत होतं. तिने दोनदा सांगायला तोंड उघडलं होतं आणि दोन्ही वेळा हा उठून स्वयंपाकघरात गेला होता. आणि लुसीने सगळ्यांना बजावलं होतं की त्याला कळवून आणायचं नाही. दयेने येऊ नये त्याने, यायचं तर भाऊ म्हणून यावं.

गासच्या घरी शवपेटीजवळ गेल्यावर फ्रेडरिकला क्षणभर वाटलं की आपण भलत्याच घरी आलो. आईचं लाल लुगडं तिला नेसवलं होतं. लुगडंच दिसत होतं, त्यात माणूस फारसा नव्हता. हातात रोझरीची माळ गुंफलेली होती आणि अंगठीचा दोरा तसाच होता. तो तिथे उभ्या उभ्या रडला, मोठ्याने रडला, आणि आजूबाजूच्या बायकांनी त्याला सावरलं. पण कोणी सावरावं असं आपण काही केलं नाही, हेही त्याला त्याच वेळी कळत होतं. विहिरीजवळच्या भिंतीवर दोन चाकांचे गोल डाग अजून होते. अकरा वर्षांत तिने त्यांच्यावर चुना फिरवला नव्हता.

महिन्याची मिस्सा झाल्यावर एल्रॉय आणि ब्रेंडा गाडी घेऊन दुकानात आले. एल्रॉय मामावर रागावलेला नव्हता, आणि तेच फ्रेडरिकला जास्त लागलं. पोरगं बाकावर बसून सांगत राहिलं. गोणीची गोष्ट त्याने घरी गंमत म्हणून सांगितली होती. लुसी आधी पोटभर हसली होती, माझ्या जागी वाळू बसवली का, म्हणून. मग आजार वाढला, आणि गाडीचा गॅप वाढलेला एल्रॉयने तिला सहज बोलून दाखवला तेव्हा तीच हट्टाला पेटली. चला दुकानात. माप घेताना तरी त्याला माझ्याजवळ यावं लागेल. डॉक्टर नको म्हणत असताना ती आली होती. उशीला टेकवून, मांडीखाली गादी घालून तिला बसवली होती. परत जाताना ती काही बोलली नव्हती. फक्त कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून म्हणाली होती की त्याच्याकडे काम बरंच दिसतंय, बरं आहे.

फ्रेडरिक त्याच्याशेजारी बाकावर टेकला.

"वजन किती होतं तिचं? त्या दिवशी," त्याने विचारलं.

एल्रॉयने ब्रेंडाकडे बघितलं. दवाखान्यात त्याच आठवड्यात केलं होतं, ब्रेंडा म्हणाली. एकेचाळीस.

फ्रेडरिक आत गेला आणि त्या दोन गोण्या ओढत वखारीच्या काट्यापाशी घेऊन गेला. एकेका गोणीचं तोंड सोडून वाळू ओतायला लागला. काटा उतरत उतरत एकेचाळीसवर आला तेव्हा बाजूला एकतीस किलो वाळूचा ढीग झाला होता. त्या ढिगाकडे त्याने बघितलं आणि त्याला दीड वर्ष दिसलं, एकेक किलो करत संपलेलं, पंधरा मिनिटांच्या अंतरावर. कोणी अडवलं होतं त्याला? कोणीच नाही.

गोण्या बांधून त्याने स्वतः उचलल्या आणि मागच्या डाव्या सीटवर नेऊन ठेवल्या. पट्टा लावला. दार बंद केलं. एल्रॉयला आणि ब्रेंडाला आपापल्या जागी बसायला सांगितलं. ती दोघं बसली. मग तो डाव्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला. गुडघे कुरकुरले. दोन बोटं गेली, तिसरं अर्ध्यावर अडलं.

अडीच.

माप अचूक होतं. स्प्रिंगमध्ये कसलीही गडबड नव्हती.

तो चाकाला हात लावून तसाच बसून राहिला. रस्त्याने रिक्षा गेल्या, वखारीत टेम्पो लागला, कोणीतरी त्याला हाक मारून हवा भरायची आहे म्हणालं. मग उठायला आधार हवा म्हणून त्याने दाराच्या कडीला हात घातला. कडी ओढली गेली आणि दार उघडलं. आत सीटवर पट्ट्यात बांधलेल्या गोण्या होत्या.

"एल्रॉय," तो म्हणाला, "त्या दिवशी हे दार लॉक होतं का रे?"

एल्रॉयने मागे वळून बघितलं नाही.

"नाय मामा," तो म्हणाला. "मम्मीने लावू दिलं नाय."